नाकाडी गाडीतल्या तीन बेल

प्रति,
मा. मार्ग परवाना अधिकारी,
प्रवासी वाहतूक कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या उजवीकडे.

(मार्फत: कोणाच्याही मार्फत नाही. व्यवस्थापकांच्या मार्फत दिलेला अर्ज त्यांच्या खणात जातो आणि तिथेच म्हातारा होतो.)

विषय: ‘नाकाडी’ या जुन्या गाडीच्या चालकाची बिनघंटीच्या गाडीवर झालेली बदली रद्द करून त्यांना निवृत्तीपर्यंत अर्जदाराच्या बेलखालीच ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) बदलीचा आदेश, डेपोच्या फळ्यावर चिकटवलेला.
२) सदर चालकांची अर्जदाराविरुद्धची तक्रार. हिची प्रत अर्जदारास दिली नाही, मात्र चहाच्या वेळी सगळ्या डेपोला वाचून दाखवली.

महोदय,

१. अर्जदार ही येथील छोट्या बस कंपनीत वाहक आहे. कंपनीच्या तीन जुन्या गाड्या आहेत: नाकाडी, बुटकी आणि म्हातारी. लाकडी बाक, रबरी भोंगा आणि पुढे लांब नाक, असा त्यांचा थाट. लांबलांबून माणसे येतात, फोटो काढतात, ‘अजून चालतात?’ असे विचारतात. चालतात. या अर्जात नाव येईल ती नाकाडी. तिच्यावर अर्जदार वाहक आणि सदर चालक चालक. सदर चालक हे अर्जदाराचे पती आहेत. कागदोपत्री आहेत. राहायला दुसरीकडे आहेत.

२. नाकाडीची बांधणी आपणास ठाऊक असावी. चालक पुढे एकटा पत्र्याच्या खोलीत बसतो. त्याच्या पाठीमागे सलग पत्रा. गाडीत कोण चढले, कोण उतरले, कोण दारात लोंबकळते, त्याला काहीही दिसत नाही. वाहक मागच्या दारापाशी दोरी धरून उभी असते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, चालकाच्या डोक्यावर, घंटी. एक बेल म्हणजे थांबा. डबल बेल म्हणजे निघा. तीन बेल म्हणजे गाडी भरली, पुढच्या थांब्यावर थांबू नका. पूर्वी एक प्रवासी अर्धा आत अर्धा बाहेर असताना गाडी निघाली होती, तेव्हापासून मोठ्या मालकांनी हा नियम पत्र्यावर रंगवून स्टिअरिंगच्या वर ठोकला आहे. बेलशिवाय चाक फिरवायचे नाही आणि बेल झाली की मागे वळून पाहायचे नाही.

सदर चालक हा नियम किती पाळतात याचे साक्षीदार आपण स्वतः आहात. आपण पाहणीस आलात तेव्हा गाडीच्या पाठीमागे उभे राहून फोटो घेत होता आणि आपल्यासोबत आलेल्या, आत बसलेल्या मॅडमनी हौसेने दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली. आपण फाईल छातीशी धरून धावलात. शिंप्याच्या दुकानापाशी अर्जदाराने एक बेल दिली तेव्हा कुठे ती थांबली. त्या वेळी आपण उच्चारलेले शब्द अर्जदार येथे नमूद करत नाही.

३. आता मूळ दुखण्याकडे येते. सदर चालक मुळातच अबोल. स्थळ पाहायला आले तेव्हा अर्जदाराच्या आईने ‘मुलगा शांत आहे हो’ म्हणून किती ते कौतुक केले होते. शांत कसला, मूग गिळून बसलेला! पण अर्जदाराची तक्रार नव्हती. आईशप्पथ नव्हती. घरी एक बोलणारे पुरते, आणि ते काम अर्जदाराकडे होते. गाडीवर तर बोलायची गरजच नव्हती. अर्जदाराने डबल बेल दिली की नाकाडी अशी हळूच निघायची, की उभ्या आजीच्या हातातला चहा सांडू नये. अर्जदारास वाटायचे, हा माणूस आपल्याशी असाच बोलतो. आणि ते तिला आवडायचे, हेही येथे लिहून ठेवते.

बाजारातल्या थांब्यावर कंपनीची पासची खिडकी आहे. त्या खिडकीत बसणारी बाई या अर्जात यापुढे ‘खिडकीवाली’ म्हणून उल्लेखिली आहे. त्या थांब्यावर सदर चालक रोज खाली उतरून नाकाडीचे नाक पुसायचे. अर्जदारास वाटे, काय हौशी माणूस! नाक पुसता पुसता खिडकी किती जवळ येते, हे सगळ्या बाजाराला दिसत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मागच्या दारातून फक्त मागचे दिसते. आणि रोज त्या खिडकीपाशी गाडी नेऊन थांबवायला एक बेल देत होते कोण? अर्जदार. स्वतःच्या हाताने. या एका गोष्टीसाठी अर्जदार सदर चालकांना या जन्मात क्षमा करणार नाही, आणि पुढच्या जन्माचे तेव्हा बघू.

४. सदर चालक घर सोडून गेले ते एक शब्द न बोलता. डेपोतला पंक्चरवाला दारात आला. चपला बाहेरच ठेवून, मान खाली घालून म्हणाला, ‘वहिनी, ते म्हणाले, आजपासून येत नाहीत.’ अर्जदाराने विचारले, ‘आणखी काय म्हणाले?’ तर म्हणाला, ‘निळा शर्ट द्या म्हणाले.’ संसार मोडला त्याचे दोन निरोप, आणि दुसरा शर्टाचा. अर्जदाराने शर्ट दिला. धुऊन, इस्त्री करून दिला, कारण तो तारेवर वाळत होता आणि हातांना दुसरे काही सुचले नाही. पंक्चरवाल्याला आजही समोर पाहिले की अर्जदाराच्या कपाळावरची शीर उडते. बिचाऱ्याचा काही दोष नाही.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदार कामावर वेळेवर हजर झाली. डेपोला वाटले होते, रडेल, रजा टाकेल, माहेरी जाईल. रडतो कोण! सदर चालक केबिनमध्ये बसलेले. अर्जदाराने डबल बेल दिली. नाकाडी निघाली. बाजार जवळ आला, दारातून वाकून पाहिल्यावर खिडकी दिसू लागली, खिडकीवाली पदर सावरून उभी राहिली, तिची सुट्टीची वेळ. आणि अर्जदाराने दोरी ओढली. एकदा. दोनदा. तीनदा.

गाडी रिकामी होती. मागच्या बाकावर एक न्हावी आणि त्याची पेटी, बस्स. पण तीन बेल म्हणजे गाडी भरली. सदर चालकांनी मागे वळून पाहिले नाही, कारण नियम. नाकाडी खिडकीसमोरून तशीच पुढे गेली आणि खिडकीवाली हात वर केलेली राहिली. त्या दिवशी अर्जदार पोटभर जेवली.

तेव्हापासून आजतागायत त्या थांब्यावर तीनच बेल झाल्या आहेत. ऊन असो, पाऊस असो, गाडीत चिटपाखरू नसो. म्हातारी मागून येते, पण ती कधी येईल हे तिलाच ठाऊक, म्हणून खिडकीवाली बहुतेक चालतच घरी जाते. तिच्या चपला कुठल्या बाजूने झिजल्या आहेत हे चांभाराने अर्जदारास स्वतः सांगितले. अर्जदाराने त्याला चहा पाजला.

६. सदर चालकांच्या तक्रारीस मुद्देसूद उत्तर देते.

(अ) ‘वाहक रिकाम्या गाडीत तीन बेल देते.’ गाडी रिकामी होती हे चालकास कसे कळले? मागे वळून पाहिले काय? पाहिले असेल तर नियमभंग. पाहिले नसेल तर तक्रार खोटी. अर्जदाराच्या मते गाडी भरलेली होती. कशाने भरली होती, हे सांगण्यास अर्जदार बांधील नाही.

(आ) ‘बाजारातल्या प्रवाशांची गैरसोय होते.’ प्रवासी आता शिंप्याच्या दुकानापर्यंत पायी येतात. त्यांची चाल सुधारली आहे. एका शिक्षिकाबाईंचा गुडघा बरा झाला, असे त्यांनी आपणहून सांगितले.

(इ) ‘धर्मशाळेच्या थांब्यावर कडक उन्हात वाहक डबल बेल देण्यास विलंब लावते.’ नाकाडीच्या केबिनवर ऊन पडते तो थांबा धर्मशाळेचा नसून दवाखान्याचा आहे. तिथे आजारी माणसे चढतात. त्यांना अर्जदार ‘सावकाश, आजी, घाई नाही’ म्हणते. यात सौजन्याशिवाय काय आहे ते चालकांनी सिद्ध करावे.

(ई) ‘मानसिक त्रास होतो.’ वा! चोराच्या उलट्या बोंबा. ज्याने पंक्चरवाल्याकडून संसार मोडवला त्याला घंटीचा त्रास होतो!

७. असे असता व्यवस्थापकांनी, म्हणजे मोठ्या मालकांच्या जावयांनी, सदर चालकांची बदली ‘गुळगुळीत’ या नव्या गाडीवर केली आहे. गुळगुळीतला घंटी नाही, दोरी नाही, वाहक नाही. दार बटणाने उघडते. प्रवासी चालकाच्या शेजारूनच चढतात. म्हणजे सदर चालक एकटे राजे. कुठे थांबायचे ते ठरवणार, किती वेळ थांबायचे ते ठरवणार, आणि गुळगुळीत बाजारात खिडकीसमोरच थांबते. जावईबापूंनी अर्जदारास बोलावून वर समजूतही घातली: ‘बाई, झालं गेलं विसरा. तुम्हालाही मोकळं वाटेल.’ अर्जदारास मोकळे वाटायचे नाही. अर्जदारास दोरी हवी आहे आणि दोरीच्या त्या टोकाला तो माणूस हवा आहे.

तरी बदली रद्द करावी. ते शक्य नसल्यास गुळगुळीतला घंटी बसवून अर्जदाराची नेमणूक तिच्यावर करावी. तेही शक्य नसल्यास पासची खिडकी बाजारातून उचलून नदीपलीकडे न्यावी. तेही होत नसेल तर अर्जदारास रस्त्यावरचा दिव्याचा खांब म्हणून नेमावे, लाल दिव्यासह, खिडकीच्या अलीकडे. पगाराची अपेक्षा नाही.

८. येथपर्यंतचा मजकूर अर्जदाराने सकाळी विश्रांतीच्या खोलीत लिहिला. पुढील मजकूर नाकाडीच्या मागच्या बाकावर बसून लिहीत आहे. अक्षर वेगळे दिसल्यास क्षमा असावी. डाव्या मनगटाला दोरी गुंडाळलेली आहे.

आज सदर चालकांची नाकाडीवरची शेवटची फेरी. बाजार आला. खिडकी आली. सदर चालकांनी सवयीने वेग कमी केलाच नव्हता. आणि अर्जदाराने दोरी ओढली. एकदाच.

नाकाडी अशी करकचून थांबली की त्याच नेहमीच्या न्हाव्याच्या पेटीतला आरसा फुटला. इतक्या वर्षांनी त्या थांब्यावर नाकाडी उभी. बरोबर खिडकीसमोर. पुढे ते, समोर ती, मागे मी. माफ करावे, मागे अर्जदार.

आणि अर्जदाराने डबल बेल दिली नाही. अजून दिलेली नाही.

आधी प्रवासी कुजबुजले. मग जावईबापू स्कूटरवरून आले. शर्ट बाहेर, एका पायात मोजा नाही. ‘बाई, बेल द्या!’ अर्जदाराने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घातला. मग त्यांनी पुढे जाऊन केबिनवर थापा मारल्या, ‘अरे, चल! मी सांगतो ना, चल!’ सदर चालक स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून सरळ समोर पाहत बसलेले. पत्र्यावर काय रंगवले आहे ते जावईबापूंच्या सासऱ्यांनीच रंगवून घेतले होते. मागे बुटकी येऊन अडकली, तिच्यामागे भाजीची गाडी, तिच्यामागे शाळेची पोरे, आणि सगळ्यांनी मिळून भोंगे. सदर चालकांच्या मानेची एक शीरसुद्धा हलली नाही, असे न्हाव्याने पुढे जाऊन पाहून सांगितले.

अर्जदाराने एकच अट घातली. सदर चालकांनी खाली उतरावे, मागच्या दाराशी यावे, आणि त्या दिवशी पंक्चरवाल्याच्या तोंडून जे म्हणवले ते स्वतःच्या तोंडाने, या सगळ्यांसमोर म्हणावे. शर्टासह. मग डबल बेल मिळेल, आणि खुशाल जावे गुळगुळीतवर. गाडीतल्या त्या गुडघ्यावाल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘रास्त आहे.’ न्हावी निरोप घेऊन पुढे गेला आणि परत आला. ‘काय म्हणाले?’ ‘काही नाही म्हणाले.’ ‘म्हणजे “काही नाही” असं म्हणाले?’ ‘नाही ताई, काहीच म्हणाले नाहीत.’

९. तेव्हा खिडकी बंद झाली. खिडकीवालीने ‘बंद’ची पाटी लावली, कुलूप घातले, रस्ता ओलांडून आली आणि मागच्या दाराने गाडीत चढली. अर्जदाराने मनाशी इतकी वर्षे घोकलेले शब्द होते, एकेक असा की ऐकणाऱ्याने कान धुवावेत. ऐन वेळी त्यातला एकही आठवेना. ती म्हणाली, ‘एक तिकीट द्या.’ ‘कुठलं?’ ‘गाडी जाईल तिथलं.’ अर्जदाराने तिकीट फाडले. कर्तव्यात कसूर नाही.

ती समोरच्या बाकावर बसली. जवळून पाहिले तर चांगलीच दमलेली बाई. पाय आखडून घेत म्हणाली, ‘ताई, मारायचं तर मारा, पण आधी ऐका. तुम्हाला काय वाटतं, तो माझ्याशी बोलतो?’

उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली,

‘नाक पुसायला उतरायचा तेव्हा रोज एक वाक्य बोलायचा. आज ऊन आहे. मला वाटलं, ही सुरुवात आहे. ताई, तेवढंच होतं हो ते! घरी आला की दारात उभा. आत ये म्हटलं तर येत नाही. एकदा वैतागून मी कडी दोनदा आपटली, तर आला. ताटावर बसवलं तर नुसता बघत बसतो. चमचा दोनदा वाजवला की पहिला घास. पाणी पिऊन झालं की तसाच बसून. उठायलाही दोनदा. शेजारीण विचारते, तुमच्याकडे रोज कसली हो घंटी?’

अर्जदारास विचारायचे नव्हते, पण तोंडातून निघून गेले: ‘आणि तीनदा वाजवलं तर?’

‘मागच्या दारानं बाहेर. न जेवता,’ ती म्हणाली. ‘सरळ पुढच्या गल्लीत. मी चिडून तीनदा वाजवला होता.’

न्हावी प्रथम हसला. मग शिक्षिकाबाई. मग अर्जदार इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पाणी पुसताना तिच्या लक्षात आले की ते सगळेच हसण्याचे नाही.

‘आणि ती तक्रार?’ अर्जदाराने विचारले. ‘मानसिक त्रासाची?’

‘मी लिहिली. पाय दुखतात माझे, ताई. त्यानं नुसती सही केली. टेबलावर दोनदा टिचकी मारली, केली. बदलीचा अर्जही तसाच. त्याला कसला त्रास? तीन बेल झाल्या, गेला पुढे. त्याला वाटलं, भरली असेल गाडी.’

१०. महोदय, इतकी वर्षे अर्जदाराने रोज नेम धरून जो दगड मारला तो दर वेळी या बाईच्या पायांना लागला. त्याला एकदाही लागला नाही. तो तिथे पत्र्याआड सुखात बसला होता! उभे राहायचे, निघायचे, थांबायचे, कुणाला सोडून जायचे, सगळे दुसऱ्या कुणीतरी दोरी ओढून सांगायचे, आणि याने फक्त चाक फिरवायचे. घर सोडतानाही पंक्चरवाला. अर्जदार त्याला शिक्षा देत होती आणि तो आराम खात होता. अर्जदाराच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे.

खिडकीवालीने अर्जदाराच्या हाताकडे पाहून विचारले, ‘दोरीनं वळ उठलाय, सोडू का?’ अर्जदाराने मनगट पुढे केले. ती गाठ सोडत असताना आम्ही दोघी काय बोललो ते या अर्जाचा विषय नाही.

११. सबब अर्जदार वर मांडलेल्या सर्व मागण्या मागे घेत आहे. दुसरा कोरा कागद नसल्याने विषयाची ओळ खोडलेली नाही, ती कृपया उलटी वाचावी. सदर चालकांची गुळगुळीतवरील बदली आजच्या आज मंजूर करावी. त्या गाडीस कोणत्याही परिस्थितीत घंटी बसवू नये. चालकांच्या शेजारी वाहक, मदतनीस, शिकाऊ, कोणीही देऊ नये. प्रवासी त्यांच्या कानाशी उभे राहून विचारतील, कधी निघणार, का थांबलात, इथे का नाही थांबलात. त्यांना उत्तरे त्यांनीच द्यावीत, स्वतःच्या तोंडाने, रोज, निवृत्तीपर्यंत. खिडकीवालीने आजपासून चमचा खणात ठेवून खणाला कुलूप लावायचे ठरवले आहे. किल्ली अर्जदाराकडे राहील.

१२. सर्व प्रवासी उतरले आहेत. अर्जदार व खिडकीवाली याही खाली उतरल्या आहेत आणि हा शेवटचा परिच्छेद खिडकीच्या फळीवर लिहिला आहे. नाकाडी समोर उभी आहे. तिच्यात सदर चालकांशिवाय कोणी नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. दार उघडे आहे, रस्ता मोकळा करून दिला आहे, बुटकीही बाजूने काढून नेली. जावईबापू दोरीकडे दोनदा गेले होते, त्यांना शिक्षिकाबाईंनी दंडाला धरून बाहेर आणले.

आपण इकडे पाहणीस आलात तर एकच नम्र विनंती. मॅडमना सोबत आणले असल्यास त्यांना आवरावे. कोणीही डबल बेल देऊ नये.

या अर्जापुरती नम्र,
(सही)
अर्जदार, वाहक, नाकाडी

वरील मजकूर वाचला. ताटाबाबतचा तपशील बरोबर आहे. तो अजून बसलेला आहे.
(सही)
खिडकीवाली

स्थळ: पासची खिडकी, आतल्या बाजूने
दिनांक: सदर चालकांच्या शेवटच्या फेरीचा, फेरी अपूर्ण

सोबत:
१) खिडकीवालीस दिलेले तिकीट, न वापरलेले.
२) न्हाव्याच्या फुटलेल्या आरशाचा तुकडा, व्यवस्थापकांनी भरून देण्यासाठी.
३) मूळ दोरी, गाठ सुटलेली. घंटीपासून सोडवून घेतली आहे.